मोरार, किल्ला आणि लश्कर : परक्या फौजेच्या शेजारी राहिलेल्या ग्वाल्हेरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-नागपूरचे पाहुणे ग्वाल्हेरला येतात ते झाशीच्या राणीची समाधी, जयविलास राजवाडा आणि किल्ल्यावरचं मान मंदिर बघायला. हे बघून झालं की चहाच्या वेळी प्रश्न सुरू होतात. इथेच वाढलेली आमची पोरंही आता तेच विचारतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. लढायांची वर्णनं शाळेच्या पुस्तकात मिळतील. इथे दूध, गवत, धान्य, पगार आणि चौकी यांच्याबद्दल जास्त आहे, कारण फौज शेजारी येऊन बसली की साध्या माणसाचा संबंध येतो तो याच गोष्टींशी.

ग्वाल्हेर तर शिंद्यांचं संस्थान. मग इथे इंग्रजांची फौज कुठून आली?

संस्थान होतं म्हणूनच आली. राजाच्या शेजारी फौज ठेवायची आणि खर्च राजाच्या नावावर टाकायचा, ही ईस्ट इंडिया कंपनीची जुनी रीत. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनिहार अशा दोन ठिकाणी एकाच दिवशी लढाया झाल्या आणि दरबारची फौज दोन्हीकडे हरली. लगेच जानेवारी १८४४ मध्ये तह झाला. गादीवरचे जयाजीराव शिंदे तेव्हा लहान होते, त्यामुळे कारभार मंडळाकडे गेला आणि मंडळाने रेसिडेंटच्या, म्हणजे दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीच्या, सल्ल्याने चालायचं ठरलं. दरबारच्या फौजेवर ९,००० ची मर्यादा आली, आणि त्यात पायदळ ३,००० च्या वर नको अशी अट. ‘ग्वाल्हेर कंटिन्जंट’ नावाची जी दुसरी फौज होती ती मात्र वाढवली. तिचे अधिकारी इंग्रज आणि मुख्य तळ ग्वाल्हेरजवळच्या मोरारला.

१८५८ नंतर मोरारला आणि किल्ल्यावर थेट इंग्रज सरकारची फौज बसली, ती १८८६ पर्यंत.

कंटिन्जंटमधले शिपाई तर हिंदुस्थानीच होते. त्यांना परकं का म्हणायचं?

बरेचसे अवधकडचे होते, पूरबिये. मोरारच्या दुकानदाराला त्यांची बोली सहज कळत असणार. पण हुकूम कलकत्त्याचा, पगार शिंद्यांच्या मुलखातला, आणि वेळ आली तर बंदुकीचं तोंड शिंद्यांच्याच वाड्याकडे. अशा फौजेला गावची फौज म्हणायला जीभ रेटत नाही. गंमत अशी की जून १८५७ मध्ये याच शिपायांनी आपल्या इंग्रज अधिकाऱ्यांवर बंदुका उचलल्या.

या फौजेचा पैसा कोण देत होतं?

शेतकरी. १८४४ च्या तहात कंटिन्जंटच्या खर्चासाठी अठरा लाख रुपये उत्पन्नाचे परगणे तोडून दिले गेले. तिथला सारा इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली गोळा व्हायचा आणि त्यातून पलटणींचा पगार निघायचा. इतिहासाच्या पुस्तकात हे एका ओळीत संपतं. त्या परगण्यातल्या कुळाच्या बाजूने बघा. काल जो सारा ग्वाल्हेरच्या कमाविसदाराकडे जात होता तो आज दुसऱ्याच कचेरीत भरायचा. पाऊस नाही पडला तर सूट कुणाकडे मागायची, तेही बदललं. आणि सूट मिळण्याची शक्यता कमी, कारण पलटणीचा पगार महिन्याच्या महिन्याला ठरलेला. पाऊस काही ठरलेला नसतो.

दरबारची फौज कापली, तर त्या माणसांचं काय झालं?

हा प्रश्न मराठी घरांतून फार क्वचित येतो. खरं तर आपल्याच घरांत आधी यायला हवा. शिलेदार आणि बारगीर यांतला फरक लक्षात घ्या. बारगीर सरकारी घोड्यावर बसायचा. नोकरी गेली की घोडा पागेत जमा, माणूस मोकळा. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. नोकरी गेली तरी घोड्याला रोज दाणा-वैरण लागतेच, आणि फार दिवस ते झेपत नाही, म्हणून पडेल त्या भावाने घोडा विकायचा. शेकडो घोडे एकदम बाजारात आले की भाव काय येणार?

घोड्यामागे मोतद्दार, नालबंद, खोगीर शिवणारा, वैरणवाला अशी घरं असतात. लश्करसारख्या, शिंद्यांच्या तळातून वाढलेल्या शहरात हे सगळे फौजेच्या आधाराने जगत होते. तहात त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही.

पण छावणीमुळे मोरारला धंदा तर मिळाला ना?

मिळाला, आणि भरपूर. हे नाकारण्यात अर्थ नाही. मोरारचा सदर बाजार वाढला तो याच गिऱ्हाइकावर. पलटणीला रोज दूध, अंडी, मांस, डबलरोटी, सरपण लागतं. धोबी, शिंपी, न्हावी, भिश्ती, खानसामा, आया, सगळ्यांना काम. नगद पगार घेणारं गिऱ्हाईक महिनाअखेर उधारी चुकती करतं, हे दुकानदाराला कोणत्याही काळात आवडतं.

आता दुसरी बाजू. फौज खरेदी करायला उतरली की आसपासच्या बाजारात धान्याचा भाव चढतो. ज्याच्याकडे विकायला धान्य आहे त्याचं भलं होतं, ज्याला रोजच्या मजुरीवर ते विकत घ्यायचं आहे त्याचं मरण. एकाच गल्लीत दोन घरांची मतं वेगळी पडतात आणि दोघंही खरं बोलत असतात. म्हणून ‘लोकांना फायदा झाला का’ या प्रश्नाला एक उत्तर देणारा माणूस मला संशयास्पद वाटतो.

गवताचं उदाहरण घ्या. रिसाल्यातल्या घोड्यामागे एक घसियारा ठेवण्याची पद्धत होती. तो सकाळी खुरपं आणि जाळी घेऊन निघायचा आणि माळावर, बांधावर, नाल्याकाठी दूब दिसेल तिथे बसून ती मुळासकट खरवडायचा. वरवर कापलेलं गवत पुन्हा फुटतं. मुळासकट खरवडलेल्याला पुढच्या पावसापर्यंत वाट बघावी लागते. मग ते झटकायचं, माती काढायची, भारा बांधून तळावर न्यायचा. एका रिसाल्याचे शेकडो घोडे, म्हणजे तितके घसियारे, रोज. त्या माळावर आधी गावच्या म्हशी चरत होत्या. ज्या गवळ्याला छावणीत दूध घालून चार पैसे मिळत होते त्याच्याच म्हशीची वैरण छावणीच्या घोड्याच्या पोटात जात होती.

मोरार आणि लश्कर यांत कायदा वेगळा होता का?

हो. छावणीच्या हद्दीत छावणीचा कायदा, दंडाधिकारी आणि पोलीस वेगळे. १८६४ च्या कॅण्टोन्मेंट कायद्याने हे पक्कं केलं. दुकान कुठे लावायचं, दारू कोण विकणार, घाण कुठे टाकायची, कोणाला हद्दीबाहेर काढायचं, हे सगळं लष्करी अधिकाऱ्यांच्या हातात. लश्करमधून निघून काही कोसांवर मोरारला पोचलं की माणूस दुसऱ्या राज्यात आल्यासारखाच. रहदारी दोन्हीकडून रोजची, आणि तक्रार करायची झाली तर आधी हद्द विचारायची.

जगात जिथे जिथे परका तळ आहे तिथे भांडणाचं मूळ बहुधा हेच सापडतं. त्याबद्दल खाली ओकिनावाच्या उत्तरात.

बायकांवर काय परिणाम झाला?

कार्यक्रमांत हा प्रश्न कुणी विचारत नाही, नंतर हळूच येऊन विचारतात. तर उघडच लिहितो.

गोऱ्या शिपायांपैकी फार थोड्यांना लग्न करून बायको सोबत ठेवण्याची परवानगी असे. बाकीच्यांसाठी हिंदुस्थानभरच्या छावण्यांत ‘लाल बाजार’ होते, तेही लष्कराच्या देखरेखीखाली. तिथल्या बायकांची नोंद व्हायची आणि ठरावीक मुदतीने सक्तीची तपासणी. आजार सापडला की त्यांना ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये कोंडायचं. शिपायाला असं कोंडत नसत. १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने ही नोंदणी आणि तपासणी छावणीबाहेरच्या शहरांवरही लादता येऊ लागली. १८८६ मध्ये लष्कराने एक परिपत्रक काढलं. पलटणीच्या बाजारात बायका पुरेशा असाव्यात आणि त्या दिसायलाही बऱ्या असाव्यात, अशी सूचना त्यात होती. हे विलायतेत बाहेर फुटल्यावर बोभाटा झाला आणि १८८८ मध्ये १८६८ चा कायदा रद्द करावा लागला. प्रथा मात्र नावं बदलून चालू राहिली.

या बायका कोण होत्या? दुष्काळात घर सुटलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या, विकल्या गेलेल्या. जो समाज छावणीला दूध विकत होता तोच त्यांना वाळीत टाकत होता. सगळा दोष इंग्रजांवर ढकलून आपण हात झटकू शकत नाही.

रसद आणि बेगार म्हणजे काय?

आग्रा-मुंबई रस्ता ग्वाल्हेरवरून जातो. पलटण कूच करणार असली की पुढच्या पडावाच्या गावांना आधी कळवलं जायचं : इतकं पीठ, इतकी लाकडं, इतकी वैरण, इतकी मडकी, इतक्या बैलगाड्या. ही झाली रसद. बेगार म्हणजे गाडी, बैल आणि माणूस कामाला धरून नेणं. भाडं कागदावर ठरलेलं असायचं, पण ते पाटील, तहसीलचा कारकून आणि ठेकेदार यांच्या हातांतून येता येता झिजायचं. पेरणीच्या तोंडावर बैल चार मुक्काम दूर गेले तर शेतकऱ्याचं वर्ष गेलं.

इथे एक सांगायला हवं. रसद आणि बेगार इंग्रजांनी शोधून काढलेली नाही. मराठी फौजाही याच पद्धतीने चालत होत्या.

१८५७-५८ मध्ये शहरातल्या माणसांनी काय सोसलं?

१४ जून १८५७ ला कंटिन्जंट उठली. त्यानंतरचे काही महिने जयाजीराव आणि दिवाण दिनकरराव राजवाडे यांनी त्या शिपायांना पगार आणि आश्वासनं देत मोरारलाच अडकवून ठेवलं. आज हे धोरण शहाणपणाचं म्हणायचं की गद्दारीचं, यावर इथल्या घरांत अजून आवाज चढतात. शहरवासीयाला त्याचा अर्थ इतकाच होता की हजारो हत्यारबंद माणसं उंबऱ्यापाशी बसली आहेत आणि त्यांना सांभाळणारं कुणी नाही.

१ जून १८५८ ला शिंद्यांची स्वतःची फौज मोरारजवळ रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाई यांच्या बाजूला गेली. जयाजीराव आग्र्याला निघून गेले. खजिना उघडला गेला आणि शिपायांना पगार वाटले गेले. १६ जूनला इंग्रज सेनापती ह्यू रोजने मोरार घेतलं, १७ ला कोटा-की-सरायला लढाई झाली, १९ ला लश्कर आणि २० ला किल्ला पडला.

सराफ्यात अमरचंद बांठिया यांचं स्मारक आहे. ते खजिन्याचे कोषाध्यक्ष होते. तलवार गाजवणारे नव्हेत, हिशेब ठेवणारे. क्रांतिकारकांना खजिना खुला केला म्हणून जून १८५८ मध्ये त्यांना त्याच सराफ्यात, भर बाजारात, कडुनिंबाच्या झाडाला फाशी दिली. जागा नीट बघा. दोन्ही बाजूंना सोनाराची दुकानं. जे सावकार आणि मुनीम रोज त्यांच्याशी हिशेब करत होते त्यांच्या डोळ्यांदेखत हे झालं, आणि ते व्हावं म्हणूनच जागा ती निवडली असणार. पुढच्या वेळी पैसे कुणाला द्यायचे हे बाजाराने लक्षात ठेवावं, एवढ्यासाठी.

किल्ल्यावर फौज होती तेव्हा मंदिरांचं काय झालं?

तेली मंदिर बघितलंत? आठव्या-नवव्या शतकातलं, शंभरेक फूट उंच. किल्ल्यावरच्या इंग्रजांनी त्यात सोडावॉटरचा कारखाना आणि कॉफीचं दुकान चालवलं. द्वेषातून केलं असं मला वाटत नाही. उन्हाळ्यात ग्वाल्हेर कसं तापतं ते आम्हाला विचारा. जाड दगडी भिंतीची गार खोली दिसली आणि वापरली. ज्याची श्रद्धा तिथे नाही त्याला देऊळ म्हणजे बांधीव जागा. पुढे १८८१ ते १८८३ दरम्यान मेजर कीथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानेच त्याची डागडुजी केली, सास-बहू मंदिरांकडेही लक्ष दिलं. त्याचं श्रेय त्याला द्यावं.

गोऱ्या फौजेच्या बराकी अजून उभ्या आहेत. १८९७ मध्ये सरदारांच्या मुलांसाठी सुरू झालेली शाळा पुढे किल्ल्यावर त्याच बराकींत आली. आजचं सिंधिया स्कूल ते हेच.

१८८६ मध्ये फौज गेली. मग सगळे खूश झाले असतील?

दरबार खूश. जयाजीरावांनी किल्ला परत मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं खटपट केली होती आणि मिळाल्यावर काही महिन्यांतच, २० जून १८८६ ला, ते वारले. मोरारच्या सदर बाजारातल्या दुकानदाराला खूश व्हायचं कारण कमी होतं. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक उठून झाशीला गेलं. धोब्याने काय करायचं? डबलरोटी भाजणाऱ्याने लश्करमध्ये ती कुणाला विकायची? तळ येतो तेव्हा उपजीविका मोडतात आणि जातो तेव्हाही मोडतात.

अदलाबदलीची दुसरी बाजू तर कुणी बघतच नाही. ग्वाल्हेरचा किल्ला आणि मोरार यांच्या बदल्यात शिंद्यांनी झाशी शहर इंग्रजांना दिलं. झाशी १८६१ पासून शिंद्यांकडे होतं. म्हणजे झाशीची माणसं पंचवीसेक वर्षांत दोनदा एका हातातून दुसऱ्या हातात गेली. तेही ती झाशी, जिच्या राणीची समाधी आमच्या फूलबागेजवळ आहे. विचारलं कुणालाच नाही.

आपण मराठी लोकही इथे फौजेबरोबरच आलो. मग आपण परके नव्हतो?

होतो. हे उत्तर ऐकून पाहुणे जरा गप्प होतात, पण दुसरं उत्तर नाही. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला. तो तळ उठलाच नाही, त्याचंच लश्कर शहर झालं. राहुट्यांच्या जागी वाडे आले, तळाबरोबर फिरणारा बाजार जागच्या जागी पक्का झाला. खाली जुनं ग्वाल्हेर आधीपासून वसलेलं होतं, आजूबाजूला ठाकूर, गुर्जर, जाट, ब्राह्मण, कोळी, जाटवांची गावं होती. त्यांना मराठी येत नव्हतं. त्यांच्या गावात मोडीत लिहिलेला हुकूम यायचा आणि तो वाचायला कारकून लागायचा. पेंढाऱ्यांना शिंद्यांचा आश्रय होता हेही त्या गावांना पक्कं ठाऊक होतं.

मग मराठी फौज आणि इंग्रज फौज यांत फरक नाही का? आहे. इथे मिळवलेला पैसा बहुतांशी इथेच खर्च झाला. घाट, देवळं, छत्र्या बांधल्या, गाण्याला आश्रय दिला. पुढच्या पिढ्या इथल्याच झाल्या, आमची मुलं आजीशी मराठीत आणि गल्लीत हिंदीत भांडतात. गोरी पलटण काही वर्षांनी बदलून दुसरीकडे जायची, मागे उरायचं ते दफनभूमीतल्या दगडावरचं नाव.

पण हा फरक पिढ्या गेल्यावर दिसतो. १८१० साली मुरार नदीकाठच्या शेतकऱ्याला तो दिसणं शक्य नव्हतं. त्याला दिसत होती फक्त उभ्या पिकात शिरलेली घोडी. बैठकीत कुणी ‘आपण अटकेपार गेलो’ म्हणून मिशीवर ताव देऊ लागलं की मला तो शेतकरी आठवतो. अभिमान बाळगायला हरकत नाही. त्याचं नुकसान त्यात जमेला धरलं म्हणजे झालं.

आज ग्वाल्हेरात परकी फौज आहे का?

नाही. आजची मोरार कॅण्टोन्मेंट भारतीय लष्कराची आणि महाराजपुऱ्याचा विमानतळ भारतीय हवाई दलाचा. फेब्रुवारी २००४ मध्ये ‘कोप इंडिया’ या संयुक्त सरावासाठी अमेरिकी हवाई दलाची सहा एफ-१५ विमानं अलास्काहून इथे आली, सराव झाला आणि परत गेली. याला तळ म्हणत नाहीत. पाहुणा जेवून जातो. तळवाला स्वयंपाकघरात हिस्सा मागतो.

ओकिनावाच्या बातम्या वाचतो. तिथलं आणि इथलं सारखं आहे का?

बरंच. ओकिनावा जपानच्या एकूण जमिनीच्या ०.६ टक्के, पण जपानमधल्या केवळ अमेरिकी वापराच्या लष्करी जागेपैकी सुमारे ७० टक्के जागा तिथे. १९७२ मध्ये बेट जपानकडे परत आलं, तळ राहिले. गिनोवान शहराच्या मधोमध फुतेन्मा विमानतळ आहे. ऑगस्ट २००४ मध्ये तिथलं एक हेलिकॉप्टर शेजारच्या विद्यापीठाच्या आवारात कोसळलं. सप्टेंबर १९९५ मध्ये तीन अमेरिकी सैनिकांनी बारा वर्षांच्या मुलीवर अत्याचार केला. तळांवरच्या सैनिकांबद्दलच्या १९६० च्या जपान-अमेरिका करारामुळे आरोपपत्र होईपर्यंत आरोपी जपानी पोलिसांच्या ताब्यात मिळेनात, आणि लोक रस्त्यावर आले. अत्याचाराची चीड होतीच. भर पडली ती, आपल्या मुलीवर आपल्याच गावात गुन्हा होतो आणि चौकी मात्र आपली नाही, याची. मोरारच्या हद्दीचा प्रश्न तो हाच.

फरकही आहे. जपानी माणूस मत देतो, खटला भरतो, मोर्चा काढतो. फिलिपाइन्सच्या सिनेटने तर १६ सप्टेंबर १९९१ रोजी १२ विरुद्ध ११ मतांनी तळाचा नवा करार फेटाळला आणि पुढच्या वर्षी अमेरिकी फौज सुबिकच्या तळावरून निघाली. शिंद्यांच्या रयतेला यातलं काहीच नव्हतं. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरच्या लोकांनाही नव्हतं : दिएगो गार्सियाच्या तळासाठी १९६८ ते १९७३ दरम्यान त्यांना मुळासकट उचलून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडलं.

आमच्या घरात आजोबांचे मोडी कागद आहेत. त्यांत यातलं काही सापडेल?

सापडू शकतं, म्हणून टाकू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका. गादी-माळ्यावरच्या रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात, दरबारी पत्रांपेक्षा किरकोळ कागद जास्त निघतात : पगाराचे तुकडे, वैरणीचा हिशेब, गाडीभाड्याची पावती, घोडा विकल्याची नोंद. घरची मंडळी सनद शोधतात आणि हे बाजूला ठेवतात. उलट करा. रुमाल सोडताना कागदांचा क्रम मोडू नका, प्रत्येकाचा दोन्ही बाजूंनी दिवसाच्या उजेडात फोटो काढा, मग मोडी वाचणाऱ्याला दाखवा. ‘रसद’, ‘बेगार’, ‘वैरण’, ‘बरतर्फ’ (नोकरीतून काढलेला) हे शब्द दिसले तर तो कागद वेगळ्या पाकिटात ठेवा आणि पाकिटावर तो कोणत्या रुमालातला ते पेन्सिलने लिहा, पेनाने नको.